दिवस मावळल्यावरचा नियम कुठून आला?



मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "ताई, दिवस मावळल्यावर बाईला पोलिसांना धरून नेता येत नाही म्हणतात. खरं आहे का?" मी म्हटलं, "खरं आहे. एखादा अपवाद सोडला तर नाही नेता येत." लगेच त्यांचा दुसरा प्रश्न, "मग हा नियम कोणी केला? सरकारला आपसूक सुचलं का?"

तिथं मी थोडक्यात उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून आज निवांत सांगते. हा नियम आपसूक सुचलेला नाही. पोलीस ठाण्यात बाईला आज जे काही हक्क आहेत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे कोणीतरी खरीखुरी बाई आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या महाराष्ट्रातच घडल्या आहेत.

पहिली गोष्ट देसाईगंजची. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, त्या वेळी ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. साल १९७२, तारीख २६ मार्च. एक आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, भावाजवळ राहणारी. भाऊही मजूर आणि तीही मजूर. वय किती, तर डॉक्टरांनी नंतर तपासून चौदा ते सोळाच्या दरम्यान असा अंदाज दिला. म्हणजे आपल्याकडे नववी-दहावीत असते तेवढी पोर. ती ज्या बाईच्या घरी कामाला जायची, त्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं. लग्न करायचं दोघांनी ठरवलं. भावाला ते पटलं नाही. त्यानं ठाण्यात तक्रार दिली, माझ्या बहिणीला पळवून नेलंय.

इथं क्षणभर थांबते. ही तक्रार तुम्हाला अनोळखी वाटते का? आजही तालुक्याच्या ठाण्यात भाऊबंद घेऊन येतात त्या तक्रारींत ही नेहमीची. मुलगी कोणाबरोबर गेली की घरचे ठाण्यात जातात, आणि तिला "आणून द्या" म्हणतात. मुलीला ठाण्यात आणल्यावर तिचं काय होतं, हे कोणी फारसं विचारत नाही. म्हणून देसाईगंजची रात्र आपण नीट ऐकायला हवी.

त्या संध्याकाळी मुलगी, तो मुलगा, मुलाची मावशी असे सगळे ठाण्यात आणले गेले. भाऊही होता. रात्रीचे नऊ वाजले असतील. हेड कॉन्स्टेबलनं जबाब लिहून घेतले. साडेदहाच्या सुमारास त्यानं भावाला सांगितलं की बहिणीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आण, आणि तो स्वतः घरी गेला. त्याचं रात्रीचं जेवण व्हायचं होतं. कोर्टाच्या निकालपत्रात हा तपशील आहे. मला तो दर वेळी खुपतो. जेवायला घरी जाणं हा काही गुन्हा नाही. पण एक अल्पवयीन पोर रात्री ठाण्यात आहे, ती तिथून बाहेर पडली की नाही हे बघणं कोणाचं काम होतं?

ठाण्यात दोन पोलीस उरले, दुसरा एक हेड कॉन्स्टेबल आणि एक कॉन्स्टेबल. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, मुलीला आत थांबवलं. मुलीनं पुढे सांगितलं ते असं, की कॉन्स्टेबलनं तिला मागच्या बाजूच्या संडासाकडे नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, नंतर त्या हेड कॉन्स्टेबलनं अंगाशी झोंबाझोंबी केली, पण तो दारूच्या नशेत होता.

बाहेर मंडळी थांबली होती. ठाण्याचे दिवे गेले, दार आतून बंद झालं, तेव्हा त्यांना शंका आली. ज्या बाईकडे मुलगी कामाला जायची, ती बाई इमारतीच्या मागे जाऊन हाका मारायला लागली. उत्तर नाही. गलका ऐकून माणसं जमली. कोणीतरी धावत जाऊन जेवायला गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणलं. तो आला तेव्हा जमाव चिडलेला होता. मारतो, ठाणं पेटवतो म्हणत होता. त्यानं लोकांना शांत केलं आणि मुलीची फिर्याद लिहून घेतली.

ठाण्यात बसलेल्या पोलिसांविरुद्ध त्याच ठाण्यात, त्याच रात्री फिर्याद लिहिली गेली. जाळपोळीची धमकी काही चांगली नाही, मी तिचं समर्थन करत नाही. पण ती हाका मारणारी बाई घरी निघून गेली असती, लोक झोपले असते, तर आज ही गोष्ट सांगायला उरली नसती.

मी त्या मुलीचं नाव का घेत नाही, असं काही जणींना वाटेल. तिचं नाव निकालपत्रात आहे, पुस्तकांत आहे, जुन्या मैत्रिणींना पाठही असेल. पण बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापू नये असा कायदा तिच्याच प्रकरणानंतर झाला. तो तिला स्वतःला उपयोगी पडला नाही. निदान आपण तरी पाळू. गंमत बघा, कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून आहे, म्हणजे पोलिसाच्या नावानं. मुलीची ओळख तिथं नुसती एक साक्षीदार.

आता कोर्टात काय झालं ते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ साली दोघांना सोडून दिलं. मुलीला धडधडीत खोटं बोलणारी ठरवलं. तिचे त्या मुलाशी आधी संबंध होते, मग तिच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा, असा तो विचार. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला पाच वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा दिली. त्या न्यायमूर्तींचं म्हणणं आपल्या कोणत्याही बाईला पटेल असं होतं. रात्रीची वेळ, अनोळखी पोलीस, ठाण्याची इमारत. अशा ठिकाणी पोर भीतीनं गप्प राहिली, तर तिची तयारी होती असं म्हणता येत नाही. भीतीनं गप्प राहणं निराळं आणि राजीखुशी निराळी.

पण १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आणि भाऊ बाहेर असताना तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणजे झटापट झालीच नाही, म्हणजे तिची संमती होती.

जखम नाही म्हणजे संमती. बायांनो, आपल्यातल्या किती जणींनी घरात मार खाताना तोंड दाबून धरलं असेल, शेजारी ऐकतील म्हणून? आवाज न येणं म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

निकाल लागला आणि एक वर्ष काहीच हललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. सर्वोच्च न्यायालयाला असं जाहीर पत्र लिहिणं तेव्हा कोणी करत नव्हतं. पत्रातला मुद्दा सरळ होता. दोन पोलिसांनी ठाण्यात अडकवलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मजूर पोरीनं ओरडून मदत मागावी अशी अपेक्षा कशी करता? मदत मागायची ती कोणाकडे, पोलिसांकडेच ना? आणि नाही न म्हणणं म्हणजे हो म्हणणं, हा अर्थ कुठून काढला?

ते पत्र हातोहात फिरलं. १९८० साली मुंबईत बायकांनी बलात्काराविरुद्ध मंच उभा केला. त्या वर्षीच्या ८ मार्चला, म्हणजे महिला दिनाला, मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, हैदराबाद अशा शहरांत मोर्चे निघाले, खटला पुन्हा चालवा म्हणून. पण पुन्हा चालवण्याचा अर्ज फेटाळला गेला. या संघटनांचा या खटल्याशी संबंध काय, असा न्यायालयाचा सवाल होता.

१९८० हे साल आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या दुसऱ्याच कारणानं लक्षात आहे. कांद्या-उसाच्या भावासाठीच्या आंदोलनात नोव्हेंबरमध्ये खेरवाडीला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी महिलांचं जे प्रचंड अधिवेशन भरलं, त्यात त्याच आंदोलनातल्या घरांतल्या बाया होत्या. तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधी. आज एवढंच म्हणते की पोलिसांची काठी ही गोष्ट आपल्या जिल्ह्यानं लांबून ऐकलेली नाही.

मोर्च्यांचा परिणाम १९८३ साली दिसला. संसदेनं फौजदारी कायदा बदलला. ठाण्यात किंवा कोठडीत पोलिसानं बाईवर बलात्कार केला तर निदान दहा वर्षं शिक्षा. तुरुंग, सुधारगृह आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही हेच लागू झालं. आणि सगळ्यात मोठा बदल पुराव्याचा. अशा प्रकरणात शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं, आणि बाईनं कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तिची संमती नव्हती असंच धरून चालायचं. ती होती हे पोलिसानं सिद्ध करायचं. जखम दाखव, ओरडलीस का ते सांग, हे ओझं बाईच्या डोक्यावरून उतरलं. शिवाय खटला बंद दाराआड चालवायचा आणि नाव छापायचं नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, भारतीय न्याय संहिता वगैरे आली, पण या तरतुदी तिथंही आहेत.

हे सांगितलं तेव्हा मावशींनी विचारलं, "आणि त्या पोरीला काय मिळालं?" काही नाही, मावशी. तिचा खटला १९७८ लाच संपला होता. नवीन कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, मुंबईची. १९८२ च्या मे महिन्यात शीला बारसे नावाच्या पत्रकार बाई परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या आणि पंधरा कैदी बायकांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की तुरुंगात येण्याआधी, पोलीस कोठडीत असताना, पोलिसांनी आम्हाला मारलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. वकील नाही, मोठा खर्च नाही, एक पत्र. न्यायालयानं तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतलं आणि मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक बाईंना तुरुंगात पाठवून खरंखोटं करायला सांगितलं.

फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथं पहाऱ्यावर महिला पोलीस. बाईची चौकशी महिला पोलिसाच्या समोरच करायची. अटक का केली ते लगेच सांगायचं. तिनं नाव सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मैत्रिणीला कळवायचं. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर मॅजिस्ट्रेटनं स्वतः विचारायचं, तुला मारहाण झाली का, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगायचं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे. मराठीत, कारण आत बसलेल्या बाईला वाचता आलं पाहिजे.

मार कशासाठी देतात, हा प्रश्न इथं येतो. बहुतेक वेळा कबुली काढायला. हे फार जुनं आहे. इंग्रजांच्या काळात मद्रास इलाख्यात रयतेचा छळ होतो म्हणून चौकशी बसली होती. १८५५ सालचा तिचा अहवाल सांगतो की शेतसारा वसूल करायला आणि गुन्हा कबूल करून घ्यायला, दोन्हींसाठी माणसांचे हाल केले जात. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात नियमच आला की पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरायची नाही. सरकारला स्वतःच्या पोलिसावर तेव्हाही भरवसा नव्हता, त्याचाच हा कबुलीजबाब म्हणा. तो नियम आजही आहे. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कधी देऊ नका, पण घाबरून "हो, मीच केलं" असं पोलिसांपुढे तोंडून गेलं म्हणून सगळं संपलं असंही समजू नका.

आणि आता मावशींचा नियम. तो नागपूरकडून आला. १९९३ साली तिथं पोलिसांच्या ताब्यात असताना एका माणसाचा मृत्यू झाला. त्याच्या बायकोशीही पोलिसांनी गैरवर्तन केल्याची तक्रार होती. एक ख्रिस्ती समाजसंस्था ते प्रकरण घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली. खंडपीठानं त्या प्रकरणापुरतं न बघता सगळ्या राज्याला आदेश दिला, महिला पोलीस बरोबर असल्याशिवाय बाईला अटक करायची नाही, आणि सूर्यास्तानंतर तर मुळीच नाही. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. महिला पोलीस कमी आहेत, मग रात्री गुन्हेगार बाईला सोडून द्यायचं का, हे त्यांचं म्हणणं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं आदेश थोडा सैल केला. पण २००५ च्या दुरुस्तीनं संसदेनं तो कायद्यातच घातला. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही. अगदीच विशेष कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी काढायची.

म्हणजे मावशी, दिवस मावळल्यावरच्या नियमामागे नागपूरचं एक मयताचं घर आहे.

पोलिसांचा मार ही काही आपल्याच देशाची गोष्ट नाही. अमेरिका एवढा श्रीमंत देश, पण तिथंही हा प्रश्न जुना आहे आणि त्यात काळ्या वर्णाची माणसं जास्त भरडली जातात. २५ मे २०२० ला मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड नावाच्या माणसाला पोलिसांनी धरलं. किराणा दुकानात वीस डॉलरची खोटी नोट दिल्याचा संशय, एवढंच कारण. डेरेक शॉविन या पोलिसानं त्याला रस्त्यावर पालथं पाडून नऊ मिनिटांहून जास्त वेळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला. फ्लॉइड श्वास घेता येत नाही म्हणत राहिला आणि मेला. पोलिसांनी पहिल्यांदा लोकांना काय सांगितलं? अटकेच्या वेळी माणसाची तब्येत बिघडली आणि तो दगावला. गुडघ्याचा शब्द नाही.

ते खोटं उघडं पडलं, कारण सतरा वर्षांची एक शाळकरी मुलगी, डार्नेला फ्रेझियर, नात्यातल्या लहान बहिणीला घेऊन दुकानात आली होती. तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर सगळं टिपलं आणि हलली नाही. पुढे सगळ्या अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२१ मध्ये शॉविन दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. बरोबरच्या तीन पोलिसांनाही शिक्षा झाल्या. देसाईगंजला ठाण्यामागे हाका मारणारी बाई आणि ही मोबाइल धरून उभी राहिलेली मुलगी, दोघींत अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर आहे. काम मात्र दोघींनी एकच केलं.

फ्लॉइडच्या घरच्यांना त्या शहरानं दोन कोटी सत्तर लाख डॉलर भरपाई द्यायचं कबूल केलं. पण पैसा शहराचा, म्हणजे लोकांच्या कराचा. आपल्याकडेही तेच. १९८७ साली ओडिशात बावीस वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता, दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळाजवळ त्याचं प्रेत सापडलं. त्याच्या आईनं, निलाबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९९३ साली निकाल लागला, सरकारनं आईला दीड लाख रुपये द्यावेत. ताब्यातल्या माणसाच्या जिवाला सरकार जबाबदार, हे तत्त्व तिथून पक्कं झालं. पैसे मात्र मारणाऱ्याच्या खिशातून जात नाहीत, आणि मला वाटतं खरी मेख तिथंच आहे. भरपाई मिळते, बदली होते, निलंबन होतं आणि काही महिन्यांनी माणूस पुन्हा कामावर. गुन्हा नोंदवून शिक्षेपर्यंत जाणारी प्रकरणं विरळा.

गुन्हा नोंदवायलाच किती झगडावं लागतं, ते एका आईला विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून दंगा झाला आणि पोलिसांनी बऱ्याच जणांना धरलं. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. ताब्यात मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असा कायदा आहे, तशी ती झाली. तरी पोलिसांवर गुन्हा दाखल होईना. आई औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही आदेश कायम राहिला. कायदा शिकणाऱ्या मुलासाठी कोर्टाची पायरी आईला चढावी लागली, आणि तीही नुसती फिर्याद लिहून घ्या म्हणून.

सगळे पोलीस असे नसतात, हे मलाही माहीत आहे. आपल्या गावच्या कितीतरी पोलीस पाटील आज बाया आहेत. कॉन्स्टेबल झालेली भाची, पुतणी अनेकींच्या घरात आहे, आणि ती पोर बंदोबस्ताला सोळा-सोळा तास उभी असते. तिलाही हे नियम माहीत असले तर बरंच, कारण वरचा साहेब "घे लिहून" किंवा "नको लिहू" म्हणाला तर कायदा तिच्याही बाजूला उभा राहतो.

आता थोडं कामाचं, वहीत टिपून ठेवा. नुसती साक्ष द्यायला किंवा माहिती द्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी येऊन जबाब घ्यायचा. फिर्याद दिली की तिची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद लिहून घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोस्टाची पावती जपा. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, विभागाच्या पातळीवरही ते असावं असं कायदा सांगतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे लावायला सांगितलं. तुमच्या बाबतीत ठाण्यात काही विपरीत घडलं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळचं चित्रण मागता येतं.

आणि अटकेचं. १९८६ साली कोलकात्याच्या दिलीप कुमार बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. पुन्हा पत्रच बघा. त्यावर १८ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. धरायला येणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा कागद तिथंच करायचा, त्यावर वेळ आणि तारीख लिहायची, घरच्या किंवा गावातल्या कोणाची तरी सही घ्यायची. कुठं नेतोय ते एका नातेवाइकाला कळवायचं. अंगावर आधीच्या जखमा असतील तर त्यांची नोंद करायची, आणि कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे तर संविधानातच आहे.

हे नियम प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावा, असं त्या निकालात आहे. आणि पुढे न्यायालयानं असंही म्हटलंय की लोकांना कळावं म्हणून हे रेडिओवरून सांगितलं तर बरं होईल. आकाशवाणीचं नाव घेतलंय त्यांनी, आपल्या छोट्या केंद्राचं नाही. पण आज मी सांगितलं. पुढच्या बैठकीत ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांना तुम्ही सांगा, आणि तालुक्याला जाल तेव्हा ठाण्याच्या भिंतीवर तो फलक आहे का ते बघून आम्हाला पत्रानं कळवा.